मोखीपाण्यातला नाताळ

"नाताळाला गावातलं एक तरी घर आलं तर मी राहीन," मी म्हणाले आणि करंजी तेलात सोडली. "नाहीतर शांतूदादा आला की त्याच्याबरोबर नगरला. कायमची."

क्षेत्रे चुलीपुढे उकिडवे बसून लाकडं आत सारत होते. धुरानं त्यांचे डोळे लाल झाले होते.

"एकच घर?"

"एकच. मी काही पाच हजार माणसं जेवायला मागत नाही."

"बरं."

"आणि तुम्ही मला अडवायचं नाही."

"नाही अडवणार," ते म्हणाले. फुंकणी उचलून त्यांनी चुलीत फुंकर घातली. मला त्यांचा असा राग आला की पुढची करंजी तेलातच फुटली. बायको सोडून जाते म्हणते आणि हा माणूस चूल फुंकतो!

धडगावला एसटी जाऊन थांबायची आणि पुढं माणसाला आपले पायच असायचे, तेव्हाची ही गोष्ट. आमचं लग्न मे महिन्यात झालं आणि जूनमध्ये मिशननं आम्हाला मोखीपाण्याला पाठवलं. सकाळी शाळा चालवायची, खरूज-तापाची औषधं द्यायची आणि रविवारी उपासना घ्यायची, एवढं काम. निघताना नगरच्या देवळात आमच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, मंडळींनी हार घातले, आणि मला वाटलं होतं की आता आपण काहीतरी फार मोठं करणार आहोत.

मोखीपाणी म्हणजे गाव असं नव्हतंच. सातपुड्यातले पावरा लोक घर बांधतात ते आपल्या शेतात, आपल्या टेकडीवर. या टेकडीवर एक घर, त्या टेकडीवर दुसरं, मध्ये दरी. शेजारणीकडून विरजण आणायचं तर अर्धा डोंगर उतरा आणि अर्धा चढा. मी नगरच्या ख्रिस्तगल्लीत वाढलेली. तिथं आमच्या घरात भांडण झालं की पलीकडच्या घरातून सल्ला यायचा. इथं दिवसदिवस क्षेत्र्यांशिवाय कोणाचा आवाज कानावर पडायचा नाही, आणि क्षेत्रे तर मुळातच कमी बोलणारे. पोरं शाळेत यायची ती गुरं राखायचं काम नसेल तेव्हा. रविवारच्या उपासनेला मी, हे आणि दाराशी बांधलेली शेळी. शेळी मध्येच ओरडायची, तेवढाच आमेन.

मला घरची आठवण यायची म्हणजे पोटात दुखायचं, खरंच दुखायचं. आणि डिसेंबर लागला तसं ते फार वाढलं. नगरला आत्ता काय चाललं असेल ते मला इथं बसून दिसायचं. देवळाला चुना देणं चाललं असेल. सगळ्या मावश्या-काकू एका अंगणात बसून करंज्या लाटत असतील आणि कोणाची सून कशी मुरड घालते यावर टोमणे मारत असतील. ढोलकी घेऊन पोरं दारोदार गाणी म्हणत फिरत असतील आणि प्रत्येक दारात त्यांना चहा प्यावाच लागत असेल. मी आयुष्यात कधी एकटीनं करंजी केली नव्हती. शेवटी मी दादाला कळवलं की नवीन वर्ष लागलं की मला न्यायला ये. कळवलं आणि मग क्षेत्र्यांना सांगितलं.

तरीही नाताळ मात्र मी जिद्दीनं मांडला. धडगावच्या बाजारातून मैदा, गूळ, खोबरं आणवलं. बांबूच्या काड्यांची चांदणी करून तिला लाल कागद लावला आणि अंगणातल्या मोहाच्या झाडाला टांगली. करंज्या, शंकरपाळे, चकल्या यांनी पत्र्याचे डबे भरले. आणि आम्ही दोघं घरोघर आमंत्रणाला गेलो. सगळ्या टेकड्या चढलो आणि उतरलो. माझ्या पायांचे अक्षरशः तुकडे पडले.

सर्वांत आधी गेलो वेस्ता कारभाऱ्याकडे. हा गावातला वडीलधारा माणूस, भांडणतंटा असो की पेरणी, त्याचा शब्द चालायचा. तो ओट्यावर बसून खाटेसाठी दोरी वळत होता. बाजारात जाऊन जाऊन त्याला मराठी येत होती, आणि पावऱ्यांच्या रीतीप्रमाणे तो लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणायचा.

"कारभारी, पंचवीस तारखेला आमचा सण आहे," क्षेत्रे म्हणाले. "दुपारी सगळ्यांनी आमच्या घरी यायचं."

"मी फराळ केलाय," मी म्हणाले. "सगळ्यांना पुरेल एवढा."

वेस्तानं दोरीला पीळ दिला. "बरं," तो म्हणाला.

पुढच्या घरीही "बरं". त्याच्या पुढच्याही. मी परतीच्या वाटेवर गाणं म्हणत आले. मला वाटलं, जिंकलं! मग दुसरंही वाटलं, की आता राहावं लागणार. ते का वाटलं त्याचा मी विचार केला नाही.

पंचवीस तारखेला सकाळी आम्ही दोघांनी उपासना केली. क्षेत्र्यांनी लूकचा दुसरा अध्याय वाचला. गाणं मी सुरू केलं, पण दुसऱ्या कडव्याला मी मध्येच थांबले आणि ते त्यांनी एकट्यानं पुरं केलं. त्यांना सूर नाही. मग मी अंगण सारवलं, घोंगड्या अंथरल्या, नवं लुगडं नेसले आणि उभी राहिले.

दुपार झाली. कोणी नाही.

ऊन कलायला लागलं. मी हात डोळ्यांवर धरून बघत होते, पण समोरच्या टेकडीवरच्या एकाही घरातून धूर निघत नव्हता. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. क्षेत्रे दरी उतरून पलीकडे गेले आणि बऱ्याच वेळानं परत आले.

"गावात कोणी नाही," ते म्हणाले. "एक म्हातारा आहे गुरं राखायला. बाकी सगळे सादरीला गेलेत, पार नदीपलीकडे. तिथं आज दिवाळी आहे."

"काय आहे?"

"दिवाळी."

"अहो, दिवाळी होऊन महिना उलटला!"

"त्यांची आज आहे म्हणे."

मी चांदणीकडे बघितलं, घोंगड्यांकडे बघितलं. मग आत जाऊन डबा उघडला, उभ्या उभ्या एक करंजी खाल्ली आणि तोंडात घास असतानाच रडायला लागले. इतका अपमान मला कधी वाटला नव्हता. एकानं, निदान एकानं तोंडावर सांगायचं होतं की आम्ही येणार नाही. "बरं" म्हणाले सगळे!

डोळे पुसून बाहेर आले तर क्षेत्रे माळ्यावरची माझी लोखंडी पेटी खाली काढून तिच्यावरची धूळ फडक्यानं पुसत होते.

"हे काय करताय?"

"अडवायचं नाही असं ठरलं होतं ना."

त्या दिवशी मी त्यांच्याशी पुढं एक शब्द बोलले नाही. जेवण वाढलं ते ताट आपटून.

तीनचार दिवसांनी माणसं परतली. मी अंगणात पेटी उघडून कपड्यांना ऊन देत होते. वेस्ता आणि त्याची बायको बोंदरीबाई आमच्याच वाटेनं चालले होते. बोंदरीबाईच्या गळ्यात चांदीचे दागिने होते, सणाहून आल्याचं कळतच होतं. मी तोंड फिरवायचं ठरवलं होतं, पण मला तोंड फिरवून गप्प बसता येत असतं तर काय हवं होतं?

"कारभारी, तुम्ही बरं म्हणालात," मी म्हणाले. "मी दिवसभर उंबऱ्यात उभी होते. एक माणूस आलं नाही. ही कुठली रीत?"

वेस्ता थांबला. त्यानं खांद्यावरची कुऱ्हाड खाली टेकवली.

"तू सांगितलं, ते मी ऐकलं," तो म्हणाला. "बरं म्हणालो. तू विचारलं कुठं?"

"काय विचारायचं?"

"सण कधी धरायचा ते. सादरीवाल्यांनी आम्हाला पाऊस संपला तेव्हाच विचारलं. त्यांची दिवाळी त्या दिवशी, मग निंबारवाल्यांची, मग अजून कोणाची, मग आमची. सगळ्यांनी एक दिवस धरला तं पाहुणा कोणाकडे कोण जाईल?"

"आमचा सण पंचवीस तारखेलाच असतो. सगळ्या जगात."

"असेल." त्यानं जरा विचार केला. "तुझ्याकडे कोण आला?"

"तेच तर सांगतेय, कोणी नाही आलं!"

"गावाचं नाही विचारत मी. तुझ्या घरचं कोण आला? आई, भाऊ, बहीण?"

"कोणी नाही."

वेस्तानं बोंदरीबाईकडे बघितलं. तिनं त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं, त्यानं सांगितलं, आणि ती बाई माझ्याकडे अशी बघायला लागली की मला संकोचच वाटला.

"मग तो सण झालाच नाही," वेस्ता म्हणाला. "घरचं माणूस लांब अन् तू चूल पेटवून बसली. असा सण असतो का? माणूस आला का मग सण. तुझं कोणी येणार आहे?"

"भाऊ येतोय. मला न्यायला."

"कधी?"

"येईल. नवं वर्ष लागलं की आठवड्याभरात."

"बरं," वेस्ता म्हणाला आणि कुऱ्हाड उचलून चालायला लागला.

त्या "बरं"ला मी आता काडीचीही किंमत देत नव्हते. मी कपडे घडी करून पेटीत भरले.

शांतूदादा आला तो एका दुपारी, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला आणि तोंडानं मिशनच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला. माझा हा थोरला भाऊ नगरच्या एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. जिथं चाक जात नाही तिथं माणसानं राहू नये असं त्याचं मत होतं.

"सगुणे, कुठं येऊन राहिलीस गं बये! माणूस मेलं तर इथनं खाली न्यायला चार खांदे मिळायचे नाहीत." असं म्हणून त्यानं मला जवळ घेतलं, आणि त्याच्या अंगाला येणाऱ्या ऑइलच्या वासानं मला माहेर इतकं आठवलं की मी त्याच्या शर्टात तोंड खुपसून उभी राहिले. वहिनीनं अनारसे पाठवले होते. वाटेत त्यांचा भुगा झाला होता.

दादानं हातपाय धुतले, पाणी प्यायला, आणि तेवढ्यात पलीकडच्या टेकडीवरून कोणीतरी लांबलचक हाळी दिली. तिला आणखी पलीकडून उत्तर आलं. मग ढोल वाजला.

"काय झालं?" दादा उठून उभा राहिला. "काही भांडणबिंडण?"

क्षेत्रे दारात गेले आणि तिथंच थांबले. मी त्यांच्या मागून डोकावले. दरीतून माणसांची रांग वर चढत होती. पुढं मोठा ढोल, त्यामागं पावरी हे लांब फुंकवाद्य वाजवणारा, मग बाया, पोरं, म्हातारे. मी ज्या ज्या दारात आमंत्रण घेऊन गेले होते त्या प्रत्येक दारातलं माणूस होतं. कोणाच्या हातात उडीद, कोणाच्या डोक्यावर मक्याची टोपली, एकाच्या काखेत पाय बांधलेली कोंबडी.

वेस्ता सरळ दादापुढं आला. "तू भाऊ?"

"हो," दादा म्हणाला, जरा घाबरूनच.

"तू आला. आता सण," वेस्ता म्हणाला.

पुढचं मला सलग आठवत नाही. बोंदरीबाईनं माझी चूल ताब्यात घेतली आणि मला हातानं बाजूला सारलं, की तू जा, भावाजवळ बस. डबे उघडले गेले. करंज्या मऊ पडल्या होत्या, पण कोणी नावं ठेवली नाहीत. एका म्हातारीनं चकलीचे वेढे बोटानं मोजत मोजत खाल्ली. पुरुषांनी मोहाची दारू आणली होती. वेस्तानं पहिली धार जमिनीवर सोडली आणि पानाचा द्रोण भरून दादापुढं धरला. दादानं क्षेत्र्यांकडे बघितलं. आमच्या मंडळीत दारूचं नाव काढलं तरी पाळक उपदेश करायचे.

"दादांचं पोट बिघडलंय," क्षेत्रे गंभीरपणे म्हणाले. त्यांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

सगळे बसल्यावर वेस्ता म्हणाला, "गुरुजी, हा सण कशाचा? सांग."

क्षेत्र्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. शिरगणतीचा हुकूम निघाला, म्हणून योसेफ गरोदर मरियेला घेऊन आपल्या वाडवडिलांच्या गावी गेला, आणि तिथं त्यांना उतरायला जागा मिळाली नाही. वेस्ता शब्दाशब्दाला थांबवून आपल्या भाषेत सगळ्यांना सांगत होता. इथं मात्र तो स्वतःच थांबला.

"वाडवडिलांचं गाव म्हणाला तू?"

"हो."

"मग भाऊबंद होते तिथं?"

"असतील," क्षेत्रे म्हणाले.

"असतील म्हणजे? भाऊबंद असून पोटुशी बाई गोठ्यात?"

त्यानं ते लोकांना सांगितलं आणि एकच गलका झाला. बाया तावातावानं बोलायला लागल्या. त्या भाऊबंदांना गावानं काय दंड लावला असं कोणीतरी विचारलं. क्षेत्रे माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? जन्मभर ही गोष्ट ऐकत आले होते, पण त्या भाऊबंदांचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. मग कोणीतरी ढोलावर थाप मारली, आणि दादाला ओढून नाचात उभं केलं. माझा दादा, जो स्वतःच्या लग्नातही हसला नव्हता, तो पावऱ्यांच्या कमरेला हात घालून गोल फिरत होता. मी हसता हसता रडत होते की रडता रडता हसत होते, कोण जाणे. एवढं खरं की फार दिवसांनी पोटात दुखत नव्हतं.

सकाळी मात्र पेटी तिथंच होती.

"काल सगळी घरं आली," मी क्षेत्र्यांना म्हणाले. ते काहीतरी बोलतील म्हणून वाट बघितली.

"आली," ते म्हणाले. "पण ती दादांसाठी आली. तू त्या बोलण्यात अडकू नकोस, सगुणा. मनात असेल तर जा." मग थांबून म्हणाले, "मला इथं एकट्याला जड जाईल. पण तू रडत राहिलेली मला त्याहून जड जाते."

एवढं लांब वाक्य ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. आणि तरीही मी निघाले. कालचा दिवस गोड होता, पण एका दिवसानं एवढे महिने भरून निघत नाहीत. ढोल घरी गेले होते, टेकड्या पुन्हा गप्प झाल्या होत्या, आणि मला माझी गल्ली हवी होती. नगरला पोचले की परत यायचं नाही हे मी दादाला सांगून ठेवलं होतं. त्यालाही तेच हवं होतं.

दादानं पेटी खांद्यावर घेतली. क्षेत्रे माझी वळकटी घेऊन पोचवायला निघाले. दरीच्या तोंडाशी, जिथून धडगावची वाट फुटते, तिथं वेस्ता आणि आणखी दोघं जण मोडलेलं कुंपण नीट करत बसले होते.

"नेतो?" वेस्तानं दादाला विचारलं.

"नेतो," दादा म्हणाला.

"ने. बाईनं माहेरी जायलाच पाहिजे." त्यानं हातातली फांदी बाजूला ठेवली. "परत कधी पाठवतो?"

दादानं पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "बघू," तो म्हणाला.

"बघू नाही. दिवस सांग. आमची दिवाळी धरायची आहे."

"मग धरा की."

"धरायची कशी? ह्या रायलाची पोरगी मोलगीला दिलेली, ती दुसऱ्या बाजाराला येणार. नुरजी ऊस तोडायला शहाद्याकडे गेला, तो त्याच्या आधी येतो. त्यांचं कळलं. हिचं तेवढं राहिलं."

"अहो कारभारी, हिच्यासाठी कशाला थांबताय?" दादा म्हणाला. "तुम्ही आपली तुमची दिवाळी करून टाका."

वेस्ता दादाकडे बघतच राहिला. त्याला राग आला नव्हता. एखाद्या मोठ्या माणसानं फारच पोरकट काही बोलावं तसा तो बघत होता.

"हिला सोडून?" तो म्हणाला. "आपलंच माणूस बाहेर ठेवून?"

रायला हात थांबवून माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला आपल्या पोरीला निरोप धाडायचा असणार. मागं क्षेत्रे वळकटी धरून उभे होते, आणि मला माहीत होतं की हा माणूस आताही मला अडवणार नाही.

मी मनात आठवड्याचे बाजार मोजले. एक नगरला पोचण्यात जाईल. एक आईजवळ राहण्यात.

"तिसऱ्या बाजाराला येते," मी म्हणाले. "त्यानंतर धरा."

"बरं," वेस्ता म्हणाला आणि कुंपणाकडे वळला.

बराच वेळ आम्ही उतरत राहिलो. पहिल्या ओढ्याशी दादानं पेटी खाली ठेवली आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"खरं सांग, तू येणार आहेस की नुसतं बोललीस?"

"दादा," मी म्हणाले, "मी नाही आले तर त्या बिचाऱ्यांची दिवाळी व्हायची नाही."